कडुबाचा जमिनीवर भरोसा नव्हता

कडुबाला मी पहिल्यांदा पाहिलं ते पालथं.

घनसावंगीच्या वाटेवर एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात, चांगल्या लख्ख उजेडात, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळा गॉगल आणि ताज्या कलपाची मिशी अशा सगळ्या सरंजामासह एक माणूस मातीला कान लावून पडला होता. मला वाटलं, फेफरं आलं. मी धावत गेलो.

"पाय वाजवू नका," तो न हलता म्हणाला. "आयकून राह्यलो."

"काय ऐकताय?"

"जमीन भरीव हाय का पोकळ, ते."

"मग? काय म्हणते जमीन?"

तो उठला. शर्ट झटकला, गॉगल काढला आणि मला चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. पोलिसचौकीतही माझ्याकडे कुणी असं पाहिलेलं नाही.

"तुमी कोन? अन् तुमाला कामून पायजे?"

मी सांगितलं की शेडच्या छताला दिवे बसवायचं काम माझ्याकडे आहे, आणि आम्हाला त्याच्याच मशीनमधून वर जायचं आहे. यावर ओळख झाली असं समजून मी हात पुढे केला. त्याने हात घेतला नाही. "वजन किती?" म्हणाला. मी आकडा सांगितला.

"कोन म्हनतं?"

"मीच म्हणतो."

"मंग राहू द्या. काट्यावर चला."

आणि कापसाच्या गाठी तोलतात त्या काट्यावर त्याने मला हत्यारांच्या पिशवीसकट उभं केलं. काटा मी सांगितलेल्या आकड्यावर थांबला नाही, खुशाल पुढे गेला. कडुबाने नुसती मान हलवली, जणू काही त्याला माझ्याबद्दल आधीपासून सगळं ठाऊक होतं आणि काट्याची फक्त साक्ष काढायची होती.

पुढे चांगली दोस्ती झाल्यावर मी त्याला एकदा विचारलं, "खरं सांग, जमिनीला कान लावल्यावर ऐकू काय येतं?"

"काईच न्हाई," तो म्हणाला. "कान भरतो मातीनं. पन मी पालथा पडलो की समदे गप होत्यात, अन् चार मानसं जमिनीकडं बगाया लागत्यात. एरवी बगतं का कोनी?"

असा हा कडुबा. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा. आमच्या भागात हे नाव ज्याला ठेवतात त्याच्याआधीची भावंडं बहुधा वाचलेली नसतात. गोड नाव ठेवलं तर नजर लागेल, म्हणून आई मुद्दाम कडू नाव ठेवते. कडुबाच्या आईनेही तेच केलं होतं. म्हणजे बघा, ज्याच्या बारशालाच घरातल्यांनी नशिबावर संशय घेतला, तो मोठेपणी मशीनवर, मुरमावर आणि माझ्या वजनावर विश्वास ठेवील, ही अपेक्षाच चूक होती.

त्याच्याकडे जी मशीन होती तिला कागदावर काहीही नाव असो, साइटवर सगळे तिला बूम म्हणत. खाली चार जाडजूड चाकं, त्यावर गरगर फिरणारं धड, धडातून निघालेला लांबलचक लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला दोन माणसं उभी राहतील एवढं कठड्याचं बास्केट. जालन्यात अशा मशिनी आणखीही असतात, पण त्यांतल्या काहींचा हात सरळसोट वर जातो. कडुबाच्या मशीनचा हात मधे दुमडायचा. त्यातला फरक तो नव्या माणसाला स्वतःच्या हाताने करून दाखवायचा.

"सरळ हाताची मशीन म्हंजे शाळंतलं पोरगं. गुरुजी, मी सांगतो, म्हनून हात वर करतं. पुढं भिंत आली की संपलं. ही आपली," असं म्हणून तो आपला दंड उचलायचा, कोपर मोडायचा आणि मनगट हळूच खाली वळवून समोरच्याच्या शर्टाच्या खिशातलं पेन काढायचा. "ही चोराचा हात हाय. खांदा वर, मंग कोपर, मंग मनगट. मधे पाइप असू द्या, पत्रा असू द्या, वरून वळसा घालून बराबर आत जाती. अन् चोराच्या हातावर जेवढा भरोसा ठेवाल तेवढाच हिच्यावर ठेवायचा."

पेन तो परत द्यायचा. पण मागावं लागायचं.

मशीन मदनशेठची होती. शेठ जालन्याचे, शेड उभारायची कामं घेणारे, अंगाने भरगच्च आणि स्वभावाने घाईचे. बूम त्यांच्याकडे एकच, आणि तिची किल्ली कडुबाच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. ती किल्ली त्याच्या गळ्यात राहते की शेठ काढून घेतात, हा प्रश्न मी कडुबाला ओळखत होतो तितका काळ टांगलेलाच होता. कारण उघड आहे. शेठना काम आजच हवं असायचं आणि कडुबाला आज कशाचा ना कशाचा संशय आलेला असायचा.

रोज सकाळी तो पहार घेऊन मशीनच्या वाटेवरून चालायचा. दर दोन पावलांना पहार जमिनीत मारायचा, तिचा आवाज ऐकायचा, तोंड वाकडं करायचा. चेंबरचं झाकण दिसलं की त्याच्याभोवती चुन्याचा गोल. काल ज्या वाटेने मशीन नेली त्याच वाटेने आज न्यायची असली तरी पुन्हा पहार. "रातच्याला कोनी खड्डा केला नसंल कशावरून?" मशीन वाकडी झाली की वाजणारी एक पिपाणी तिच्यात कंपनीनेच बसवलेली होती. तिचाही त्याला राग. "पिपाणी वाजली म्हंजे मशीनला कळलं. मशीनला कळायच्या आदी मला कळाय पायजे." तारा दिसल्या की त्यांच्यात वीज आहेच असं धरून चालायचा, मग वीज मंडळाचा माणूस शपथेवर काहीही सांगो. बास्केटच्या कठड्याला त्याने जुन्या उपरण्याची चिंधी बांधली होती. चिंधी आडवी फडफडायला लागली की हात खाली.

आणि बेल्ट. वर चढणाऱ्याने कमरेचा बेल्ट बास्केटच्या कडीत अडकवायचा, छताच्या लोखंडाला नाही, हे तो प्रत्येकाला सांगायचा आणि मग अडकवला की नाही ते स्वतः ओढून बघायचा. आमचा फिटर अन्वर एकदा वैतागून म्हणाला, "मामू, बास्केटला एवढा उंच कठडा है. मैं क्या उडी मारनार?"

"तू न्हाई मारनार. चाक मारनार," कडुबा म्हणाला. त्याने जमिनीवरची एक लांब फळी उचलली, एका टोकाजवळ तिच्याखाली वीट सरकवली, दुसऱ्या टोकावर अन्वरच्या डब्यातला बोंबील ठेवला आणि विटेबाहेरच्या तोकड्या टोकावर हलकीच लाथ मारली. बोंबील शेडच्या पत्र्यापर्यंत गेला. "चाक खड्ड्यात ईतभर जातं. वर बास्केट किती हालतं, बगितलं का? तुझा बेल्ट त्याच्यासाठी हाय."

अन्वरने बेल्टबद्दल पुन्हा वाद घातला नाही. बोंबलाबद्दल मात्र आठवडाभर घालत होता.

आता अशा माणसाबद्दल बाकीच्यांना संशय येणार नाही तर काय. बांबूच्या परांच्या बांधणारे म्हणत, हा आमची कामं हिसकावतो. शेठचे मुकादम म्हणत, हा परांचीवाल्यांना फितूर आहे, म्हणून मुद्दाम मशीन थांबवतो. माझा स्वतःचा संशय अगदी साधा होता. मला वाटायचं, हा उंचीला घाबरतो. म्हणून मी एकदा त्याच्याबरोबर वर गेलो आणि कठडा दोन्ही हातांनी धरून त्याच्यावर नजर ठेवली. खाली माणसं मुंग्यांएवढी झाली तेव्हा कडुबाने खिशातून कंगवा काढला, गॉगल समोर धरून त्यात बघत भांग पाडला आणि चक्क गुणगुणायला लागला. एवढा निर्धास्त मी त्याला जमिनीवर कधी पाहिला नव्हता.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं. माझा आवाज जरा बारीक निघाला असावा.

"वर कशाची भीती, लाइटवाले? वर हायच काय? जे काय हाय ते खाली हाय."

त्याचा संशय सगळ्यांवर सारखाच असे, फक्त एक माणूस त्यातून सुटलेला होता. तो म्हणजे तो स्वतः. ती सूटही पुढे गेली, ती एका साखर कारखान्याच्या शेडमध्ये.

कडुबाचा नियम असा की तो स्वतः बास्केटमध्ये उभा राहून मशीन चालवणार. पण त्या दिवशी दिवे फार मोठे होते. अन्वर, त्याचा जोडीदार आणि दिवा एवढं बास्केटमध्ये गेल्यावर तिसऱ्या माणसाचं वजन बसेना. शेठ घाई करत होते. तेव्हा कडुबा कुरकुरत खाली उतरला आणि मशीनच्या धडाला जी बटणं असतात त्यांच्यापाशी उभा राहिला. वरून अन्वरने सांगायचं, खालून कडुबाने बटण दाबायचं.

चाललं होतं छान. तेवढ्यात अन्वरच्या हातून एक नट सुटला आणि खाली भुशात पडला. मी खाली वाकून शोधायला लागलो. मिळेना. मी वर बघून ओरडलो, "नट सापडत नाही रे."

अन्वर वरून म्हणाला, "जाऊ दे."

आता मला सांगा, आपल्या बोलण्यात याचे अर्थ किती? मला कळलं, नट राहू दे. कडुबाला कळलं, मशीन जाऊ दे. त्याने बटण दाबलं. बास्केट वर गेलं आणि अन्वरचा खांदा कठडा आणि छताचं लोखंड यांच्यामध्ये सापडला. अन्वरच्या तोंडातून शब्द निघाला नाही, नुसता श्वास निघाला. तो कडुबाने ऐकला. त्याने तत्क्षणी बोट उचललं, बास्केट खाली घेतलं.

खांदा हिरवानिळा झाला, त्याउपर काही नाही. अन्वर डॉक्टरांकडून हसत आला. कडुबा हसला नाही. त्या दिवशी तो जेवलाही नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर भरलेला कप खाली ठेवून म्हणाला, "लाइटवाले, मी समद्यांवर नजर ठिवून व्हतो. माझ्यावर कोनीच नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून साइटवर 'जाऊ दे' बंद. फक्त तीन शब्द चालतील: वर, खाली, थांब. एखादी गोष्ट सोडून द्यायची असेल तर 'सोड' म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही अर्धा दिवस करून बघा. मराठवाड्यातला माणूस 'जाऊ दे' न म्हणता भांडणातून बाहेर कसा पडणार? साइटवरची भांडणं संपेनातच. हमाल एकमेकांसमोर तोंड उघडं ठेवून उभे राहत, तो शब्द ओठावर आलेला असे आणि समोर कडुबा. शेवटी अन्वरने तोडगा काढला. भांडण मिटवायचं असलं की दोघांनी फाटकाबाहेर जायचं, तिथे 'जाऊ दे' म्हणायचं आणि परत यायचं.

घरी तर आणखी मजा. वहिनींनीच मला सांगितलं. नवराबायकोत कशावरून तरी वाजलं आणि त्या सवयीने म्हणाल्या, "जाऊ द्या की आता." तर कडुबा जागच्या जागी ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "काय जाऊ द्यू? नीट सांग."

"मी म्हनलं, जीव जाऊ द्या माझा," वहिनी म्हणाल्या. "तर म्हनतो, थांब."

शेठचा राग मात्र साठत चालला होता, आणि तो पहिल्यांदा फुटला जावईबापूंच्या निमित्ताने. शेठचे जावई छत्रपती संभाजीनगरहून आले होते. मक्याच्या एका गोदामाची पूजा होती. प्रसाद झाल्यावर जावईबापूंना लहर आली की बूममधून वर जायचं आणि वरून व्हिडिओ काढायचा. शेठ म्हणाले, "कडुबा, पाहुण्यांना फिरवून आण."

"वजन?" कडुबा म्हणाला.

जावईबापूंनी एक आकडा सांगितला.

कडुबाने त्यांच्याकडे आदबीने पाहिलं. "हे लग्नातलं असंल, दाजी. आजचं सांगा."

आणि सासुरवाडीची सगळी मंडळी बघत असताना त्यांना मक्याच्या काट्यावर नेलं. काट्यावर जो हमाल होता त्याला बिचाऱ्याला पोती ओरडायची सवय. त्याने काटा पाहिला आणि त्याच सुरात हाळी दिली, "एक पोतं, अन् वर झाडलोट."

सासूबाई पदराआड गेल्या. मेहुण्या तर भिंतीआडच गेल्या. जावईबापू वर गेले नाहीत आणि पानावरही बसले नाहीत. शेठ लालबुंद होऊन कडुबाकडे आले.

"तुझ्यामुळं माझा जावई उपाशी उठला."

"शेठ," कडुबा गंभीरपणे म्हणाला, "त्ये एका परीनं बरंच झालं."

शेठ काही क्षण त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बघत राहिले. "पुढच्या वेळी," ते म्हणाले, "पुढच्या वेळी ही किल्ली माझ्या खिशात असेल."

ती पुढची वेळ आली राजूरच्या अलीकडे. तिथेही गोदामच होतं, पण मोठं. भिंती झाल्या होत्या, छताचा सांगाडा चढला होता, वरचे पत्रे आणि दिवे राहिले होते. मका यायचे दिवस जवळ आले होते आणि शेठनी गोदामाच्या मालकाला शब्द दिलेला होता. आवारात मुरूम पसरून वरून रोलर फिरवला होता. जमीन अशी दिसत होती की तिच्यावर पंगत बसवावी.

कडुबा पहार घेऊन निघाला आणि मागच्या कोपऱ्यात थांबला. तिथेच पुन्हा पहार मारली. मग म्हणाला, "हितं हिर हाय. बुजवलेली."

"कशावरून?" शेठनी विचारलं.

कडुबाने कुंपणाजवळ अर्धवट गाडलेला कोरीव दगड दाखवला. मोटेचं पाणी ज्यात पडतं त्या थारोळ्याचा दगड, त्याच्या मते. शेजारी लिंबाचं झाड. आजूबाजूचं गवत वाळलेलं आणि इथल्या कडेचं हिरवं. आणि शेवटचा पुरावा, "हितली माती पायाला गार लागती." हे म्हणताना त्याने चप्पल काढून पाय टेकवला. आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने पाय टेकवून पाहिले. गार तर लागत होती. पण सकाळची वेळ होती, सगळीच माती गार होती.

मुकादम मागे कुजबुजायला लागले. एकजण म्हणाला, पहिल्यापासून म्हणत होतो, फितूर आहे. शेठनी सगळं ऐकलं. मग ते व्यापाऱ्याच्या शांत आवाजात म्हणाले, "कडुबा, खोदू. विहीर निघाली तर तुझ्या गळ्यात हार घालतो. नाही निघाली तर गळ्यातली किल्ली काढतो. कबूल?"

कडुबाने दोन्ही बाजूंनी विचार केलेला मला दिसला. कबूल नाही म्हणाला असता तर तो संशय कायमचा खोटा ठरला असता. "कबूल," तो म्हणाला.

जेसीबी आला. मुरूम निघाला. खाली आणखी घट्ट मुरूम निघाला. त्याखाली काळा दगड लागला आणि जेसीबीचे दात त्यावर किरकिरले. कडुबा खड्ड्याच्या काठाशी बसून म्हणत होता, "आजून थोडं. आजून थोडं डाव्या अंगाला." डाव्या अंगालाही दगडच.

तेवढ्यात शेजारच्या शेतातले एक म्हातारेबाबा म्हशी घेऊन चालले होते ते कुंपणापाशी थबकले.

"काय हुडकून राह्यले रं?"

"हिर, बाबा," अन्वर म्हणाला.

"कोनाची?"

"हितली. जुनी. बुजवलेली."

"हितं कुटली हिर? हिर ती काय," असं म्हणून बाबांनी काठी उचलून कुंपणापलीकडे दाखवलं. तिथे चांगली बांधलेली, मोटर बसवलेली, पाण्याने भरलेली विहीर होती. बांधकामाला आम्ही तिचंच पाणी वापरत होतो. "हितं बैलायचा हौद व्हता. तिकडून पाटानं पानी यायचं. हौद माज्या बापानं बांधला."

हशा पिकला. जेसीबीवाला तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. कडुबाने सगळ्यांचं हसणं संपू दिलं आणि मग म्हाताऱ्याला विचारलं, "बापानं बांधला असं बापानं सांगितलं, का तुमी सोता बगितलं?"

म्हातारेबाबांनी म्हशी हाकल्या आणि वाट धरली. कडुबाने दोरा गळ्यातून काढला. किल्ली शेठच्या हातावर ठेवली. "मागच्या डाव्या चाकाकडं ध्यान असू द्या," म्हणाला. "त्ये मला बराबर वाटत न्हाई." मग गॉगल लावून तो रस्त्याकडे चालायला लागला.

भोकरदनची गाडी येईपर्यंत मी त्याच्याजवळ फाट्यावर उभा राहिलो. त्याचं तोंड उतरलं होतं. मी म्हणालो, "विहीर निघाली नाही म्हणून एवढं वाईट वाटून घेतोस?"

"हिर न्हाई निघली त्ये चांगलंच की," तो म्हणाला. "निघावी अशी काय माझी इच्छा व्हती का? किल्ली गेली, त्याचं वाईट वाटून राह्यलं." गाडी आली. चढताना त्याने चालकाच्या तोंडाकडे जरा निरखून पाहिलं, पण चढला.

दोन दिवसांत शेठनी नवा ऑपरेटर आणला. दिनेश त्याचं नाव. हसतमुख, चटपटीत, कुणालाही नाही न म्हणणारा. सगळ्यांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणं टिकलं साधारण चहा होईपर्यंत.

"जमीन बघितली का भाऊ?" अन्वरने विचारलं.

"बिलकुल."

"कवा?"

"बघितलेलीच आहे ना."

"बेल्ट कुठं अडकवू?"

"अडकवा कुठंही. आपल्यात काय."

अन्वरचा एक पाय बास्केटमध्ये होता. तो त्याने बाहेर घेतला. "हा लय गोड बोलतो," तो माझ्या कानात म्हणाला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि मला जे दिसलं त्याने मी थक्क झालो. दोन हमाल कडुबाची पहार घेऊन आपल्या मनानेच जमिनीत मारत फिरत होते. रंगारी मक्यासाठी आणून ठेवलेल्या काट्यावर उभा राहून स्वतःचं वजन करत होता. वॉचमन कठड्याच्या चिंधीकडे टक लावून बसला होता. कडुबा धावड्याला गेला होता खरा, पण त्याचा रोग इथेच राहिला होता आणि सगळ्या साइटला लागला होता.

दिनेश मशीन घेऊन मागच्या कोपऱ्याकडे निघाला. अन्वर आडवा आला.

"हितं परवा खड्डा केलता."

"भरलाय की. वर रोलरपण फिरवलाय."

अन्वरने हमालाच्या हातातून पहार घेतली आणि मारली. पहार दह्यात बोट जावं तशी मुठीपर्यंत आत गेली. जिथे पिढ्यान् पिढ्या काळा दगड आणि घट्ट मुरूम होता, तिथे आता भुसभुशीत माती होती आणि वर तुळतुळीत रोलर. इथे विहीर कधीच नव्हती. ती आम्ही खोदून केली होती.

शेठ आले, पहार पाहिली, आणि त्यांना संताप आवरेना. "हे सगळं त्या कडुबामुळं. त्याने खोदायला लावलं नसतं तर इथं खड्डाच नसता."

"बराबर हाय शेठ," अन्वर म्हणाला. "म्हनून त्यालाच बोलवा. मैं तो दुसऱ्यासंगं चढनार न्हाई." त्याच्या मागे रंगारी उभा राहिला, रंगाऱ्यामागे हमाल. हे तेच लोक, ज्यांनी खड्ड्याच्या काठावर पोट धरून हसून घेतलं होतं. शेठनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मका यायला निघाला होता.

असे आम्ही धावड्याला गेलो, शेठ, मी आणि गाडीचा चालक. त्यानंतर मी बाहेरची कामं कमी करून माझ्या दिव्यांच्या दुकानातच बसायला लागलो, म्हणून कडुबाला असं नीट पाहिलं ते शेवटचंच. तो अंगणात बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा निवडत होता. शेठना बघून उठला, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसायच्या आत संशय दिसला.

"मशीन उलटली का?"

"नाही," शेठ म्हणाले.

"कोन पडलं?"

"कुणी पडलं नाही."

"मशीन धड हाय, मानसं धड हायत, अन् शेठ धावड्याला?" तो माझ्याकडे वळला. "लाइटवाले, काय डाव हाय ह्यो?"

मी त्याला खड्ड्याची गोष्ट सांगितली. त्याने ती पुन्हा सांगायला लावली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या.

"म्हंजे खड्डा माझ्यामुळं झाला," कडुबा म्हणाला.

"तुझ्याचमुळं," शेठ म्हणाले.

"अन् तरी मला न्याया आले."

शेठनी खिशातून किल्ली काढली आणि पुढे केली. कडुबाने हात पुढे केला नाही. त्याने एक शेंग फोडली, दाणे बघितले आणि टाकून दिले.

"शेठ, एक बोलतो. मी परत चुकनार. धा जाग्याला हिर हाय म्हनीन अन् एकीकडं बी निघनार न्हाई. लोकं हासतील. तुमचं काम थांबंल. दर टायमाला किल्ली द्यायची अन् परत मागायची, असं माझ्याच्यानं न्हाई व्हनार. काय त्ये आजच ठरवून सांगा."

वहिनींच्या हातातला तांब्या तसाच होता. शेठ एकदा किल्लीकडे बघत, एकदा कडुबाकडे.

"खोदू," ते शेवटी म्हणाले. "तू म्हणशील तिथं खोदू. पण खोदलेलं भरायचं कसं, ते पण तूच उभं राहून बघायचं."

कडुबाने किल्ली घेतली. घरात जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, मिशीवरून हात फिरवला आणि बाहेर आला. शेठनी त्याच्यासाठी गाडीचं पुढचं दार स्वतः उघडलं. कडुबा बसला नाही. तो गाडीभोवती फिरायला लागला. एकेका टायरला अंगठ्याने दाबून पाहिलं, मग उकिडवा बसला आणि गाडीखाली बघायला लागला.

"मामा, बसा की," चालक म्हणाला. "गाडी नवी हाय."

"नव्या गाडीचं कोनी बगत न्हाई, म्हनूनच," खालून आवाज आला. "तू रातच्याला झोपला व्हता का नीट?"

ऊन तापलं होतं. मी दुसऱ्या बाजूने आत बसायला म्हणून वळसा घातला, तर तिथे मदनशेठ. गुडघे मातीत टेकवून, एक हात टायरवर ठेवून, एवढा भरगच्च माणूस कसाबसा वाकला होता आणि गाडीखाली बघत होता.

"काय शेठ," मी म्हणालो, "काही दिसतं का?"

"काही नाही," शेठ म्हणाले. पण ते उठले नाहीत.